यंत्रांचे मौन

खाडीच्या पाण्याला शेतात येऊ द्यायचे नाही आणि शेतातल्या पाण्याला खाडीत जाऊ द्यायचे, ही दोन कामे परस्परविरुद्ध आहेत. पेण आणि अलिबाग तालुक्यांतील खारेपाटाच्या माणसांनी ती दोन्ही एका झडपेकडून करून घेतली. बांधात बसवलेल्या उघाडीची झडप अशी टांगलेली असते की, भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले म्हणजे ती मिटते, आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा भार अधिक झाला म्हणजे उघडते. रात्री-अपरात्री कोणी तेथे उभे राहावे लागत नाही. भरती आली हे उघाडीला कोणी कळवत नाही. जे पाणी बातमी आणते तेच तिला हलवते. बातमी आणि वस्तू यांच्यामध्ये अंतरच नाही, म्हणून बातमी खोटी ठरण्याचा प्रसंगही नाही. झडपेत ओंडका अडकला किंवा बांधालाच खांड पडली तर गोष्ट निराळी. पण मग तेही गावाला उघड्या डोळ्यांनी दिसते.

ज्या विषयाचा आज थोडा इतिहास पाहावयाचा आहे, त्यात हे अंतर आहे आणि सारी अडचण त्या अंतरातच आहे. इंग्रजीत त्याला दोन भारदस्त नावे आहेत. ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे एक. केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ साली ते वापरले. दुसरे ‘सायबर-फिजिकल सिस्टिम्स’. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातील हेलन गिल यांनी २००६ साली ते रूढ केले. त्यातल्या ‘सायबर’ या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली आपल्या नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ असे नाव दिले, ते सुकाणू धरणाऱ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. म्हणजे हा शब्द आपल्या खाडीवरच्या तांडेलाचा सख्खा नातेवाईक आहे. वस्तूला संवेदना द्यायची, तिची बातमी गणकयंत्राकडे पोहोचवायची, गणकयंत्राने निर्णय घ्यायचा आणि तो निर्णय पुन्हा वस्तूवरच अमलात आणायचा, एवढाच या दोन्ही नावांचा अर्थ.

या शास्त्राचे नाव निघाले की लोकांना परदेशातले कारखाने आणि प्रयोगशाळा आठवतात. वस्तुतः हिंदुस्थानातला या प्रकारचा एक मोठा आणि धाडसी प्रयोग आपल्या दारातून निघालेल्या रेल्वेवर झाला. त्याची कथा पुरी यशाची नाही; पुऱ्या अपयशाचीही नाही. पण या विषयात संशोधकांना अजूनही छळणारे बहुतेक प्रश्न त्या एका कथेत येऊन गेलेले आहेत.

तिच्याआधी रेल्वेच्या दोन जुन्या युक्त्या सांगितल्या पाहिजेत. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत निघाली. दोन स्थानकांवर तारेने जोडलेली दोन यंत्रे असतात. दोन्हीकडच्या स्टेशनमास्तरांची संमती झाल्यावाचून धातूचा गोळा बाहेर निघत नाही; एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नाही; आणि गोळा हाती आल्याखेरीज चालकाने गाडी हलवायची नाही. येथे परवानगी हीच एक वस्तू झाली. ती हातात धरता येते, आणि मुख्य म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही.

दुसरी युक्ती ब्रेकची. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास हवेच्या ब्रेकची जी सुधारलेली रचना केली, तिच्यात नळीत हवेचा दाब कायम ठेवावा लागतो आणि तो दाब गेला की ब्रेक लागतो. गाडी तुटली, नळी फुटली, काहीही बिघडले तरी परिणाम एकच : गाडी थांबते. आज हे साधे वाटते. पण ते सर्वांच्या गळी उतरायला आयर्लंडमधल्या आर्माची दुर्घटना व्हावी लागली. १२ जून १८८९ रोजी तेथे सहलीला निघालेली, मुलाबाळांनी भरलेली गाडी चढावर अडली. मागचे डबे सोडून पुढचा भाग वर नेऊ लागले, तेव्हा सुटलेले डबे उताराने मागे धावले आणि पाठून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसे गेली. त्या गाडीचा ब्रेक उलट्या तत्त्वाचा होता. जोड तुटताच त्याचा जोर संपला. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने आपोआप लागणारा ब्रेक कायद्याने सक्तीचा केला. यातून निघालेले तत्त्व असे की, यंत्र गप्प बसले तर त्याचा अर्थ धोका हाच घ्यावयाचा. हे तत्त्व ध्यानात ठेवावे. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

रोह्याला रेल्वे आली ती १९८६ साली, आणि काही वर्षे ती तेथेच थांबली. रोह्याच्या पलीकडचे कोकण पिढ्यान्‌पिढ्या आगबोट, एस.टी. आणि आश्वासने यांवर जगत होते. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांचा पाठपुरावा आणि ई. श्रीधरन यांचे नेतृत्व यांचे वर्णन इतरत्र पुष्कळ झाले आहे, ते येथे नको. १५ सप्टेंबर १९९० रोजी कोनशिला बसली ती रोह्यालाच. आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग एकेरी. नव्वदाहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, आणि त्यांच्यामध्ये जांभा व कातळ फोडून काढलेली खोल कटिंगे. वर कोकणचा पाऊस! डोंगर कापला म्हणजे तो काही वर्षे आपली जागा शोधत राहतो, हे घाटातल्या सडकांवरून जाणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

मार्ग पुरा झाला त्याच वर्षी, २६ नोव्हेंबर १९९८ रोजी, पंजाबात खन्ना येथे रुळावरून घसरलेल्या गाडीवर समोरून येणारी गाडी आदळली. पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट १९९९ रोजी, उत्तर बंगालमध्ये गायसल येथे अवध-आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल या गाड्या समोरासमोर धडकल्या. पावणेतीनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. किशनगंजपासून एक गाडी चुकीच्या रुळावर गेली होती आणि दोन्ही गाड्यांतील कोणालाच ते कळले नाही. त्या वेळी कोकण रेल्वेचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम होते. दोन इंजिने एकमेकांकडे धावत असताना एकमेकांना ओळखत का नाहीत, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून ‘रक्षाकवच’ निघाले. केव्हिन ॲश्टननी ते इंग्रजी नाव वापरले तेही १९९९ मध्येच, हा योगायोग मौजेचा आहे. तेथे विचार चालला होता दुकानातल्या मालाच्या नोंदीचा, येथे माणसांच्या प्राणांचा.

रक्षाकवचाची रचना अशी. इंजिनावर, गार्डाच्या डब्यात, स्थानकावर आणि फाटकावर एकेक यंत्र. प्रत्येक यंत्र उपग्रहांवरून आपली जागा आणि वेग ठरवते व रेडिओने सुमारे तीन किलोमीटरांच्या परिसरात आपली खबर देत राहते. दोन गाड्यांची यंत्रे एकमेकांच्या टापूत आली की ती आपसांत बोलतात आणि धडकेचा संभव दिसला तर चालकाची वाट न पाहता ब्रेक लावतात. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये अवचित थांबली तर आसपासच्या गाड्यांना सावध करतात. मध्ये कोणी मुख्य अधिकारी नाही, मुख्य कचेरी नाही. यंत्रांचीच ग्रामसभा म्हणा ना.

कल्पना उत्तम होती. परीक्षा सुरू झाली ती पहिल्याच साध्या प्रश्नापाशी : मी कोणत्या रुळावर आहे? अमेरिकेच्या उपग्रहांची नागरी संदेशांत मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, तरीही साध्या यंत्राला आपली जागा काही मीटरांच्या फरकानेच कळत असे. आणि शेजारच्या दोन रुळांच्या मध्यांतील अंतर जेमतेम साडेचार-पाच मीटर. शेजारच्या रुळावरून येणारी गाडी आणि आपल्याच रुळावरून येणारी गाडी यांतला भेद उपग्रह नेमका सांगू शकेना. यावर राजाराम यांनी शोधलेली युक्ती खरोखर बुद्धिमान आहे. गाडी सांध्यावरून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते तेव्हा तिची दिशा किंचित वळते. ते वळण मोजायचे, लक्षात ठेवायचे आणि त्यावरून आताचा रूळ अनुमानाने काढायचा. अनुमानाने हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. टोकनचा गोळा हातात असतो, अनुमान हातात नसते. एक वळण मोजायचे चुकले तर पुढची सारी उत्तरे आत्मविश्वासाने चुकीची येतात.

कोकण रेल्वे एकेरी होती, त्यामुळे स्थानकांबाहेर हा प्रश्नच उठत नव्हता. पण ज्या गायसलमुळे हे यंत्र जन्मले, ते गायसल दुहेरी मार्गावर होते. म्हणजे औषध ज्या दुखण्यासाठी केले, तेथेच ते सर्वांत दुबळे होते. हे त्या काळी पुरेसे बोलले गेले नाही असे मला वाटते. कौतुकाच्या भरात असे प्रश्न मागे पडतात.

दुसरा प्रश्न मौनाचा. माझ्या यंत्राला तीन किलोमीटरांत कोणाचा आवाज ऐकू आला नाही, याचा अर्थ काय? समोर कोणी नाही, हा एक अर्थ. समोर गाडी आहे पण तिचे यंत्र बंद पडले आहे, हा दुसरा. मध्ये डोंगर आहे, बोगदा आहे, म्हणून आवाज पोहोचत नाही, हा तिसरा. वेस्टिंगहाउसच्या न्यायाने प्रत्येक मौनाला धोका मानावे, तर कोकणच्या बोगद्यांतून एकही गाडी वेळेवर जाणार नाही. मौनाला निर्धोक मानावे, तर ज्या दिवशी यंत्राची खरी गरज त्याच दिवशी ते दगा देण्याचा संभव. रेल्वेने यातून व्यवहारी वाट काढली. रक्षाकवच सिग्नलच्या जागी लावले नाही, जोडीला लावले. म्हणजे ते चालले तर लाभ, न चालले तर पूर्वीचीच स्थिती. पण जोडीला ठेवलेल्या पहारेकऱ्याची एक खोड असते : त्याच्यावर भिस्त टाकू नये असे नियम सांगतात आणि माणसे मात्र हळूहळू त्याच्यावर भिस्त टाकतात.

या प्रयत्नांचा काळ चालू असतानाच डोंगराने आपले म्हणणे मांडले. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी सुटीतली खास गाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासाहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच पावसाळ्यात, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेस महाडच्या बाजूला करंजाडीजवळ दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली. तेथेही डझनाहून अधिक माणसे गेली. दोन गाड्यांना एकमेकींची ओळख पटवून देणारे यंत्र येथे काय करणार? दगडाजवळ यंत्र नसते. तो आपली खबर कोणाला देत नाही.

तेव्हा दगडालाही वाचा देण्याचा विचार झाला. कटिंगांच्या उतारांवर पोलादी जाळ्या टाकल्या होत्याच. त्यांच्या जोडीने कल मोजणारी उपकरणे दोरांवर बसवून ती रक्षाकवचाच्या जाळ्याशी जोडण्याची योजना आली. तिचे नाव ‘रक्षाधागा’. दगड कोसळून दोर हलला की उपकरणाचा कल बदलतो, ही खबर रेडिओने जाते आणि येणारी गाडी थांबते. नाव सुंदर, कल्पनाही सुंदर. परंतु दोर दगडानेच हलतो असे नाही. झाडाची फांदी पडते, वारा सुटतो, माती थोडीशी सरकते आणि पुन्हा बसते. उपकरण फार हळवे केले तर ते पावसाळाभर ओरडत राहते, आणि रोज उठून खोटे ओरडणाऱ्याचे पुढे कोणी ऐकत नाही. हळवेपणा कमी केला तर एखादा खरा दगड निसटतो. या दोहोंमधली रेषा कोठे ओढावी, हे गणिताने पुरते ठरत नाही. कारण एका बाजूला खोळंबलेल्या गाड्यांचे तास आहेत आणि दुसऱ्या बाजूला माणसे, आणि ही दोन मापे एकाच तराजूत कशी घालावीत हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय उपकरणे राहणार उघड्यावर. कोकणचा पाऊस, शेवाळ, खारा वारा, विजेचा कडकडाट. प्रयोगशाळेत दहा वर्षे टिकणारी वस्तू विन्हेऱ्याच्या डोंगरात किती टिकेल, हा प्रश्न लहान वाटतो. पण अशा योजनांची खरी कसोटी पुष्कळदा तेथेच लागते.

म्हणूनच कोकण रेल्वेने आपला भरवसा एका यंत्रावर ठेवला नाही. माणगावपासून उडुपीपर्यंत ठरावीक स्थानकांवर स्वतः नोंद करणारी पर्जन्यमापके बसली. पानवलच्या उंच पुलावर आणि मांडवी, जुवारी, शरावती यांच्या पुलांवर वारा मोजणारी यंत्रे बसली. माणगाव ते वीर यांच्यामधील काळ नदीवर, सावित्रीवर आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीवर पुराचा इशारा देणारी यंत्रे बसली. आणि यांच्याबरोबर बत्ती घेऊन रात्रंदिवस कटिंगांतून हिंडणारे शेकडो गस्तवाले कायम राहिले. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरांवर आणावा, अशी चालकांना आज्ञा आहे. पावसाळ्याचे वेळापत्रकही वेगळे असते. माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत मोलाची सुधारणा ही वेळापत्रकाची आहे, कारण तिला बॅटरी लागत नाही.

रक्षाकवचाचे पुढे काय झाले? ईशान्य सीमा रेल्वेच्या सुमारे सतराशे किलोमीटर मार्गावर ते प्रयोगादाखल बसवले गेले. पुढे दक्षिण रेल्वेवर, विजेच्या गाड्यांच्या, स्वयंचलित सिग्नलांच्या आणि अनेक रुळांच्या मार्गांवर त्याची सुधारलेली आवृत्ती तपासण्यात आली. तेव्हा तांत्रिक गुंतागुंत आणि वाहतुकीच्या अडचणी पुढे आल्या आणि रेल्वेने ती वाट सोडली. २०१२ पासून वेगळ्या पद्धतीवर काम सुरू झाले. २०१६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेवर प्रवासी गाड्यांत तिची चाचणी झाली आणि २०२० साली ‘कवच’ या नावाने ती राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली गेली. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. हे कवच त्या रक्षाकवचाचे धाकटे भावंड खरे, पण स्वभाव निराळा. ते कोणत्या रुळावर आहोत हे वळणे मोजून ठरवत नाही. रुळांमध्ये जागोजाग बसवलेल्या, रेडिओने वाचता येणाऱ्या खुणा वाचते. उपग्रहाला विचारायचे सोडून जमिनीलाच विचारले. आणि सिग्नलांशी जोडलेले असल्यामुळे ते गाडीला अमुक हद्दीपर्यंत जाण्याची परवानगी देते; परवानगी नव्याने मिळाली नाही तर त्या हद्दीपलीकडे जाण्याचा अधिकार उरत नाही. मौनाचा अर्थ पुन्हा ‘थांब’ असा झाला. टोकनचा गोळा वेष पालटून परत आला, असे म्हटले तरी चालेल.

एवढ्यानेही सर्व निभावले असे मात्र समजू नये. ४ मे २०१४ रोजी दिवा-सावंतवाडी गाडी नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये, निडी गावाजवळ, रुळावरून घसरली. वीसच्या आसपास प्रवासी गेले. या सभागृहात त्या दिवशी मदतीला धावलेले लोक कदाचित असतील. त्या दिवशी पाऊस नव्हता, दरड नव्हती, समोरून गाडीही आली नव्हती. म्हणजे राजाराम यांच्या यंत्राने ज्या संकटांचा विचार केला होता, त्यांपैकी एकही नव्हते. यंत्र त्याला शिकवलेल्या संकटाकडेच डोळे लावून बसते. जुना ट्रॅकमन रुळावरून चालताना काय शोधतो, असे विचारले तर तो नीट सांगू शकत नाही. काही वेगळे दिसले तर थांबतो. हे ‘काही वेगळे’ उपकरणाला कसे शिकवावे, यावर आज जगभर संशोधन चालू आहे.

२ जून २०२३ रोजी ओरिसात बालासोरजवळ बहनगा बाजार येथे जे घडले ते याहूनही बोलके आहे. तेथे सिग्नलने कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्ग मोकळा दाखवला, आणि प्रत्यक्षात सांधा बाजूच्या रुळाकडे वळलेला होता. त्या रुळावर मालगाडी उभी होती. दोनशे नव्वदाहून अधिक माणसे मेली. चौकशीत असे निघाले की, पूर्वीच्या कामात फाटकाच्या पेटीतल्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या होत्या. त्या मार्गावर कवच नव्हते. पण असते तरी ते ज्या सिग्नलांकडून बातमी घेणार, त्या सिग्नलांचीच बातमी खोटी होती. सांधा खरे बोलत होता, तार खोटे बोलत होती. उघाडीत जे अंतर नव्हते म्हणून मी आरंभी म्हटले, ते अंतर येथे पेटीतल्या दोन तारांएवढे होते.

आणखी एका गोष्टीचा ओझरता उल्लेख करतो, कारण तीही रोह्याच्या नदीशी जोडलेली आहे. भिऱ्याचे वीजघर १९२७ पासून मुंबईला वीज देते, आणि तेथून सुटणारे पाणी कुंडलिकेत येते; म्हणजे मुंबईने दिवे लावले की कोलाडजवळ नदी वाढते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. १ मार्च २०२१ रोजी राज्याच्या गृहमंत्र्यांनी यामागे सायबर घातपाताचा संशय असल्याचा अहवाल पुढे ठेवला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. दोघांत कोण बरोबर या वादात मी शिरत नाही. पाच महिन्यांनंतरही असा वाद होऊ शकतो, ही गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. बांधाला पडलेली खांड उधाणाने पाडली की कोणी कुदळीने, हे गावातला म्हातारा सकाळी पाहून सांगे. यंत्राच्या जाळ्यात पडलेल्या खांडीला असा साक्षीदार मिळत नाही, आणि तो कसा निर्माण करावा हे शोधणे ही या शास्त्रापुढची मोठी गरज आहे.

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरांचा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला, आणि मार्च २०२२ मध्ये सबंध मार्गाचे विद्युतीकरण पुरे झाले. एकेरी मार्ग आणि डिझेलची इंजिने यांच्या जगात रक्षाकवच वाढले. दुहेरी रूळ आणि विजेची तार यांनी त्याला दक्षिण रेल्वेवर अडवले होते. आता ती दोन्ही रोह्याला आलेली आहेत. नागोठण्याहून आलेली गाडी रोहा सोडून कोलाडकडे निघाली म्हणजे ती कोणत्या रुळावर आहे, हे आता तेथेही विचारावे लागते.